सीनकाठचा रस्ता : पॅरिसमधील नदीघाटावरील वाहतूकबंदीचा इतिहास (१९६७ ते २०१९)

प्रास्ताविक

२२ डिसेंबर १९६७ रोजी फ्रान्सचे तत्कालीन पंतप्रधान जॉर्ज पाँपिदू यांच्या हस्ते पॅरिस शहरातील सीन नदीच्या उजव्या तीरावरील द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले. शहराच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत सुमारे १३ कि.मी. लांबीचा हा मार्ग मध्य पॅरिसमध्ये थेट नदीच्या खालच्या घाटावरून, म्हणजे पाण्याच्या अगदी काठाने जात होता. पाँपिदू यांच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. पुढे २६ सप्टेंबर २०१६ रोजी पॅरिसच्या नगरपरिषदेने याच मार्गाचा मधला ३.३ कि.मी. लांबीचा टप्पा मोटारींसाठी कायमचा बंद करून तो पादचाऱ्यांच्या स्वाधीन करण्याचा ठराव संमत केला. त्या सुमारास या टप्प्यावरून दररोज सुमारे ४३ हजार वाहने जात असत.

या घटनेकडे सामान्यतः मोटारीवर पर्यावरणाने मिळविलेला विजय म्हणून पाहिले जाते. नगरनियोजनावरील लेखनात पॅरिसचे उदाहरण याच अर्थाने दिले जाते. परंतु घटनाक्रम बारकाईने पाहिला असता ही मांडणी अपुरी ठरते. रस्ता बंद करण्यासाठी प्रदूषणाचे जे कारण पुढे करण्यात आले, ते २०१८ मध्ये न्यायालयात टिकले नाही. रस्ता मात्र बंदच राहिला, आणि तो एका वेगळ्याच कारणाच्या आधारे. ही कारणांची अदलाबदल का झाली आणि तिच्या आड कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. तो प्रश्न थोडक्यात असा : नदीकाठचा रस्ता कोणाचा? शहरात राहणाऱ्यांचा, की शहरातून रोज ये-जा करणाऱ्यांचा?

घाटाचे पूर्वरूप

पॅरिसमध्ये सीनच्या दोन्ही तीरांवर दोन पातळ्या आहेत. वरच्या पातळीवर शहराचा नेहमीचा रस्ता, त्याला लागून दगडी कठडा, आणि कठड्यावर जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या पेट्या. तर खालच्या पातळीवर पाण्यालगतचा फरसबंद घाट. आपल्याकडील नदीघाटाप्रमाणे तेथे धार्मिक विधी नव्हते, पण बाकी व्यवहार फारसे निराळे नव्हते. नावांतून येणारे धान्य, मद्य, गवत, लाकूड तेथे उतरत असे. कपडे धुण्यासाठी नांगरून ठेवलेल्या नावा असत आणि पोहण्यासाठी तरंगती स्नानगृहेही असत. नगरभवनासमोरील ग्रेव्ह चौक हा मुळात असाच एक उतरता काठ होता. तेथे हमालीच्या कामाच्या शोधात मजूर जमत. संप या अर्थाचा फ्रेंच शब्द याच चौकाच्या नावावरून आला. घाटाचा श्रमजीवी वर्गाशी असलेला संबंध भाषेतच असा नोंदला गेला आहे.

एकोणिसाव्या शतकात दगडी बांधकामाने घाट सलग झाले. परंतु रेल्वे आल्यानंतर जलवाहतुकीचे महत्त्व हळूहळू घटले आणि शहराच्या मध्यभागातील खालचे घाट रिकामे पडत गेले. १९६० च्या दशकातील अभियंत्यांच्या दृष्टीने ही अमूल्य संधी होती. दाट वस्तीच्या शहरात एकही घर न पाडता, एकही चौक न ओलांडता पूर्व-पश्चिम जाणारी मोकळी पट्टी त्यांना आयती मिळाली होती. या निर्णयास अविचार म्हणणे आज सोपे आहे. तथापि भूसंपादनाच्या खर्चाचा विचार केला तर त्यामागील तर्क समजण्याजोगा आहे.

नदीने मात्र हा तर्क पूर्णपणे कधीच मान्य केला नाही. १९१० च्या महापुरात ऑस्टरलिट्झ पुलाजवळील मोजपट्टीवर पाणी ८.६२ मीटरपर्यंत चढले होते. तेवढा पूर पुन्हा आला नाही, तरी त्याहून बऱ्याच कमी पातळीलाही खालचा घाट पाण्याखाली जातो आणि त्यामुळे हा द्रुतगती मार्ग वेळोवेळी बंद ठेवावा लागे. राज्यकर्त्यांच्या कितीतरी आधीपासून सीन नदी स्वतःच तेथे वाहतूकबंदी लागू करीत होती, असे गमतीने म्हणता येईल.

मोटारीचे युग आणि त्याची मर्यादा

पॅरिसने मोटारीशी जुळवून घेतले पाहिजे आणि त्यासाठी सौंदर्यदृष्टीच्या काही कल्पना सोडून दिल्या पाहिजेत, अशी पाँपिदू यांची उघड भूमिका होती. त्यांना केवळ मोटारवेडे ठरविणे योग्य नाही. फ्रान्सचे जलद औद्योगिकीकरण हे त्यांच्या राजकारणाचे सूत्र होते आणि मोटार उद्योग हा त्याचा कणा होता. १९७३ मध्ये पॅरिसभोवतीचा सुमारे ३५ कि.मी. लांबीचा वर्तुळाकार मार्ग पूर्ण झाला, तो याच धोरणाचा भाग होता.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे, जी या विषयाच्या चर्चेत बहुधा सुटते. १९६७ मध्ये उपनगरांना शहराच्या मध्यभागाशी थेट जोडणारी पूर्व-पश्चिम जलद रेल्वे अस्तित्वातच नव्हती. प्रादेशिक जलद रेल्वेच्या ‘अ’ मार्गाचा पहिला टप्पा १९६९ मध्ये सुरू झाला आणि त्याचे पूर्व व पश्चिम भाग शहराच्या मध्यभागी जोडले गेले ते १९७७ च्या डिसेंबरमध्ये. सीनच्या डाव्या तीराने जाणारा ‘क’ मार्ग १९७९ मध्ये सुरू झाला. म्हणजे नदीकाठचा रस्ता बांधला गेला तेव्हा त्याला खरा पर्याय नव्हता. पुढील बारा वर्षांत तो निर्माण झाला. २०१६ च्या निर्णयाची शक्यता ज्या पायावर उभी होती, तो पाया १९७० च्या दशकातच भुयारांतून घातला गेला होता.

उजव्या तीरानंतर डाव्या तीरावरही, थेट नोत्र-दाम कथीड्रलसमोरून, असाच द्रुतगती मार्ग नेण्याची योजना होती. त्याचा पश्चिमेकडील काही भाग बांधूनही झाला होता. परंतु तोपर्यंत वातावरण बदलू लागले होते. मध्यवर्ती बाजारपेठेचे एकोणिसाव्या शतकातील लोखंडी मंडप १९७१ पासून पाडण्यात आले आणि त्यामुळे सुशिक्षित मध्यमवर्ग अस्वस्थ झाला. १९७२ च्या वसंतऋतूत पर्यावरणवादी कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने हजारो सायकलस्वार पॅरिसच्या रस्त्यांवर उतरले. १९७३ मध्ये तेलसंकट आले. १९७४ च्या एप्रिलमध्ये पाँपिदू यांचे निधन झाले आणि त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या व्हालेरी जिस्कार देस्ताँ यांनी त्याच वर्षी डाव्या तीरावरील योजना रद्द केली. इतिहासकार लुई शेव्हालिए यांनी १९७७ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच या काळातील बदलांना पॅरिसची हत्या म्हटले आहे. शेव्हालिए हे पाँपिदू यांचे विद्यार्थिदशेपासूनचे परिचित होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या टीकेची धार अधिक जाणवते.

या सर्व निर्णयांचे एक समान वैशिष्ट्य आहे. रस्ता बांधण्याचा निर्णय राज्यसत्तेचा होता आणि दुसरा रस्ता रद्द करण्याचा निर्णयही राज्यसत्तेचाच. १८७१ ते १९७७ या काळात पॅरिसला महापौरच नव्हता. पॅरिस कम्यूनच्या आठवणीने धास्तावलेल्या मध्यवर्ती शासनाने राजधानीचा कारभार आपण नेमलेल्या प्रीफेक्टकडे ठेवला होता. १९७५ च्या कायद्याने ही स्थिती बदलली आणि मार्च १९७७ मध्ये जाक शिराक महापौर झाले. त्यांच्या कारकिर्दीत नदीकाठच्या वाहतुकीला धक्का लागला नाही. परंतु रस्त्याचा निर्णय पॅरिसच्या मतदारांपुढे येण्याची वाट आता खुली झाली होती. ही घटनात्मक घडामोड २०१६ च्या ठरावामागील सर्वांत महत्त्वाचे कारण मानावी लागेल.

वाळू, सिग्नल आणि तरंगती उद्याने

बर्त्राँ देलानोए २००१ मध्ये महापौर झाले. २००२ च्या उन्हाळ्यात त्यांच्या प्रशासनाने उजव्या तीरावरील द्रुतगती मार्ग काही आठवड्यांसाठी बंद करून तेथे वाळू, आरामखुर्च्या आणि कुंड्यांतील ताडवृक्ष आणून ठेवले. सुटीत समुद्रकिनारी जाणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी शहरातच किनारा, अशी ही कल्पना होती. टीकाकारांनी तिची पोरखेळ म्हणून संभावना केली. लोकांनी मात्र गर्दी केली आणि उपक्रम दरवर्षीचा झाला. राजकीय दृष्ट्या हा प्रयोग मोठा चतुर होता. रविवारी घाट बंद ठेवण्याची प्रथा १९९० च्या दशकापासून होतीच. त्यात आता उन्हाळ्याची भर पडली. रस्ता बंद झाल्याने शहर ठप्प होते, या समजुतीची दरवर्षी काही आठवडे जाहीर परीक्षा होऊ लागली. ऑगस्टमध्ये निम्मे पॅरिस गावाबाहेर असते, त्यामुळे ही परीक्षा सोपीच होती, हा आक्षेपही खोटा नव्हता.

डाव्या तीरावर ऑर्से संग्रहालय ते आल्मा पूल हा २.३ कि.मी. लांबीचा टप्पा कायमचा बंद करण्याची योजना २०१० नंतर पुढे आली. घाटांची मालकी राज्यसंस्थेच्या बंदर प्राधिकरणाकडे असल्याने शासनाची संमती आवश्यक होती. फ्राँस्वा फियाँ यांच्या सरकारने आक्षेप घेतले. २०१२ च्या सत्तांतरानंतर नव्या सरकारने ते मागे घेतले आणि जून २०१३ मध्ये हा टप्पा तरंगत्या उद्यानांसह लोकांसाठी खुला झाला. पुराची शक्यता लक्षात घेऊन तेथील बरीचशी सामग्री चटकन हलविता येईल अशी ठेवण्यात आली. उजव्या तीरावर याच काळात सिग्नल आणि पादचाऱ्यांसाठी क्रॉसिंग बसवून द्रुतगती मार्गाचा साधा शहरी रस्ता करण्यात आला. या सिग्नलांची बातमी फार मोठी झाली नाही. पण ज्या रस्त्यावर माणसाने पायी पाऊल टाकणेच निषिद्ध होते, तेथे मोटार माणसासाठी थांबू लागली, हा बदल वाळूच्या किनाऱ्यापेक्षा मूलभूत होता.

२०१६ : ठराव आणि न्यायालय

२०१४ मध्ये आन इदाल्गो महापौर झाल्या. त्यांनी त्वीलरी भुयारापासून पूर्वेकडे आर्सेनाल बंदरापर्यंतचा उजव्या तीरावरील टप्पा बंद करण्याचा संकल्प सोडला. कायद्यानुसार झालेल्या सार्वजनिक चौकशीअंती चौकशी आयोगाने ऑगस्ट २०१६ मध्ये प्रतिकूल मत दिले. अशा आयोगाचे मत फ्रान्समध्ये बंधनकारक नसते. उन्हाळी किनाऱ्याचा उपक्रम संपल्यावर रस्ता पुन्हा उघडलाच गेला नाही. सप्टेंबरमध्ये ठराव झाला आणि ऑक्टोबरमध्ये महापौरांचा आदेश निघाला. एप्रिल २०१७ मध्ये दोन्ही तीर मिळून नदीकाठच्या उद्यानाचे उद्घाटन झाले.

विरोध कोणाचा होता हे पाहणे उद्बोधक आहे. पॅरिसमध्ये सुमारे एक तृतीयांश कुटुंबांकडेच मोटार आहे. मोटारीचा प्रश्न मुख्यतः उपनगरांतील होता. पॅरिस नगराची हद्द अवघी १०५ चौ. कि.मी. आणि लोकसंख्या २२ लाखांच्या आत. तर भोवतालच्या इल-द-फ्राँस प्रदेशाची लोकसंख्या १ कोटी २० लाखांच्या घरात. नदीकाठच्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी अनेकांना पॅरिसच्या निवडणुकीत मताधिकार नव्हता. त्यांचे गाऱ्हाणे उपनगरांच्या महापौरांनी आणि प्रदेशाच्या अध्यक्षा व्हालेरी पेक्रेस यांनी मांडले. याला पक्षीय राजकारणाची किनार होती हे उघड आहे. पॅरिसमध्ये समाजवादी तर प्रदेशात उजव्या पक्षाची सत्ता होती. परंतु पक्षीय हेतू असला म्हणून गाऱ्हाणे खोटे ठरत नाही. उपनगरांतून पॅरिसमध्ये कामाला येणारे बहुसंख्य लोक रेल्वेनेच येतात हेही तितकेच खरे. तथापि पहाटे किंवा रात्री उशिरा पाळी असलेला कामगार, अवजारे घेऊन फिरणारा कारागीर, एका उपनगरातून शहर ओलांडून दुसऱ्या उपनगरात जाणारा नोकरदार यांना ‘रेल्वेने जा’ हे उत्तर पुरेसे नव्हते.

दोन्ही बाजूंनी आकडे पुढे केले. रस्ता कमी केला की त्यावरील वाहतूक अंशतः नाहीशी होते, असे प्रतिपादन नगरपरिषदेच्या बाजूने केले जाई. ब्रिटिश अभ्यासकांनी २००२ मध्ये ११ देशांतील ७० उदाहरणांच्या आधारे ही कल्पना मांडली होती. त्यांत वाहतुकीतील सरासरी घट सुमारे २२ टक्के, पण मध्यांक सुमारे ११ टक्केच होता. याचा अर्थ काही थोड्या ठिकाणी घट फार मोठी होती आणि पुष्कळ ठिकाणी ती बेताची होती. म्हणजे हा सर्वत्र लागू पडणारा नियम मानता येत नाही, तो त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पॅरिसपुरते पाहता, हवेच्या गुणवत्तेचे मापन करणाऱ्या प्रादेशिक संस्थेला २०१७ मध्ये बंद घाटालगत प्रदूषणात २५ टक्क्यांपर्यंत घट आढळली, तर बंद टप्प्याच्या टोकांशी आणि वळविलेल्या वाहतुकीच्या काही मार्गांवर ५ ते १० टक्के वाढ आढळली. वरच्या रस्त्यावर रात्रीचा गोंगाटही वाढला. घाटावर फिरणाऱ्यास शुद्ध हवा मिळाली, पण तिची किंमत वरच्या रस्त्यालगत राहणाऱ्यास काही प्रमाणात मोजावी लागली.

२१ फेब्रुवारी २०१८ रोजी पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयाने ठराव आणि आदेश दोन्ही रद्द केले. वाहतूक, प्रदूषण आणि गोंगाट यांवरील परिणामांबाबत पर्यावरण परिणाम अहवालात चुका, उणिवा आणि गाळलेले मुद्दे आहेत, त्यामुळे जनतेला योजनेच्या परिणामांची यथार्थ कल्पना येऊ शकली नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. रस्ता बंद करणे चूक आहे असे न्यायालयाने म्हटले नव्हते. ज्या पुराव्याच्या आधारे लोकांना पटविण्यात आले तो पुरावा सदोष आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. लोकहिताच्या निर्णयालाही पुराव्याच्या शिस्तीतून सूट नसते, हे तत्त्व या निकालात आहे आणि पर्यावरणाचा कैवार घेणाऱ्यांनी ते विसरणे परवडणारे नाही.

महापौरांनी यावर जे केले ते कायदेशीर कौशल्याचा नमुना होते. अवघ्या दोन आठवड्यांत, ६ मार्च २०१८ रोजी, त्यांनी नवा आदेश काढला. त्यात प्रदूषणाऐवजी वारशाचा आधार घेण्यात आला. स्थळांच्या व निसर्गदृश्यांच्या रक्षणासाठी किंवा सौंदर्य व पर्यटन यांच्या दृष्टीने त्यांचा उपयोग व्हावा म्हणून वाहतूक रोखण्याचा अधिकार फ्रेंच कायदा महापौरांना देतो. सीनचे काठ १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. हा मुद्दा बिनतोड ठरला. २५ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रशासकीय न्यायालयाने आणि जून २०१९ मध्ये अपील न्यायालयाने नवा आदेश वैध ठरविला. विसंगती एवढीच की १९९१ मध्ये हे काठ वारसा म्हणून नोंदले गेले तेव्हा त्यांवरून मोटारी धावतच होत्या आणि त्यामुळे वारशाला बाधा येते म्हणून नोंदणी अडली नव्हती.

कारणांच्या या अदलाबदलीने निर्णय वाचला, पण वादाचे स्वरूप पालटले. प्रदूषण हा पॅरिसकर आणि उपनगरवासी या दोघांच्याही फुप्फुसांचा विषय होता. त्यावर दोघांनाही बोलण्याचा समान हक्क होता. वारसा आणि पर्यटन या कारणांमुळे प्रश्न नगराच्या हद्दीत बंदिस्त झाला. वाहतूक कोठे वळली, कोणाचा प्रवास किती लांबला, हे प्रश्न नव्या आदेशाच्या वैधतेच्या दृष्टीने दुय्यम ठरले. उपनगरांचे म्हणणे खोडून काढले गेले नाही, ते विचाराच्या कक्षेबाहेर गेले.

इतर शहरांशी तुलना

अमेरिकेतील पोर्टलँडने विलामेट नदीकाठचा हार्बर ड्राइव्ह १९७४ मध्ये बंद केला आणि तेथे १९७८ मध्ये उद्यान केले. परंतु त्याआधीच शहराभोवतीचा नवा महामार्ग आणि पूल तयार होते. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फने १९९० च्या दशकात ऱ्हाइनकाठचा रस्ता भुयारात नेऊन वरती पादचारी मार्ग केला. दोन्ही ठिकाणी वाहतुकीला आधी दुसरी वाट मिळाली. पॅरिसने नवा रस्ता बांधला नाही आणि भुयारही खणले नाही. असलेली रेल्वे आणि असलेले वरचे रस्ते यांवरच भिस्त ठेवली. म्हणूनच पॅरिसचा निर्णय कमी खर्चाचा, पण अधिक वादग्रस्त ठरला. अन्य शहरांनी त्याचे अनुकरण करण्यापूर्वी ही बाब तपासली पाहिजे. पॅरिसइतकी दाट भुयारी रेल्वे नसलेल्या शहराने केवळ घाट बंद करण्याचा भाग उचलला, तर परिणाम वेगळे होतील.

पुढील घडामोडी

२०१९ नंतर रस्ता पुन्हा उघडण्याची मागणी क्षीण होत गेली. मे २०२० मध्ये, कोविडच्या काळात, घाटाला समांतर असलेला रिव्होली रस्ता खासगी मोटारींना बंद झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये शहराच्या मध्यभागात केवळ आरपार जाणाऱ्या वाहनांना मज्जाव करणारे मर्यादित वाहतूक क्षेत्र लागू झाले. जुलै २०२५ मध्ये सीनमध्ये सार्वजनिक पोहण्याच्या तीन जागा खुल्या झाल्या. १९२३ पासून तेथे पोहण्यास बंदी होती. त्यांपैकी एक जागा मारी पुलाजवळ, पूर्वीच्या द्रुतगती मार्गाच्या अगदी काठाशी आहे.

निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला. १ जानेवारी २०१६ रोजी, म्हणजे ठरावाच्याच वर्षी, पॅरिस आणि भोवतालच्या नगरांना एकत्र आणणारी महानगर संस्था अस्तित्वात आली. तिच्यात १३१ नगरांचे प्रतिनिधित्व होते. नदीकाठच्या रस्त्याचा प्रश्न ज्यांना ज्यांना स्पर्श करीत होता, त्यांतील बरेचसे या एका सभागृहात बसू शकत होते. घाट बंद करण्याचा ठराव संमत झाला तो मात्र पॅरिसच्या नगरपरिषदेत, आणि २०१८ चा आदेश निघाला तो एकट्या महापौरांच्या अधिकारात.